सुमनच्या बाजूचा स्पीकर

तुमच्या आजोबांचे एक मावसभाऊ होते. त्यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या मुलुंडात तर नव्हताच, पण थेट ठाण्यापर्यंत शोधला असता तरी सापडला नसता. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. ते आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. तळमजला घेतला तोही संशयापोटी. लिफ्ट कधीतरी अधांतरी अडकणारच, अशी त्यांची खात्री होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पण उद्या बसवली तर? आमच्याकडे चहाला आले की कप हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आधी." पुष्कळ दिवस मी तो माझा मान समजत होते. दाताच्या डॉक्टरकडे गेले, तर खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरलाच म्हणाले, "तुमचे दाखवा बघू." बाहेर पडताना दाराचं कुलूप स्वतः ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे, आणि मग बायकोला ओढायला सांगायचे. "मला ते ओळखतं," ते म्हणायचे, "माझ्यासमोर नीट वागतं. तू बघ."

बायको म्हणजे माझी जाऊ सुमन. ती अगदी उलट. भाजीवाल्याने "ताजी आहे" म्हटलं की तिच्या दृष्टीने ती ताजी. तिला एकच दुखणं होतं, गाडी लागण्याचं. एसटीत बसायच्या नुसत्या विचाराने तिचा चेहरा पांढरा पडायचा. तिचं माहेर रेवदंड्याला. आई गेल्यावर नारळाच्या वाडीत वडील, अण्णा, एकटेच राहायचे. मुलुंडहून रेवदंडा काही परदेश नव्हे, पण सुमनला तो तसाच होता. आणि त्या वर्षी अण्णांनी अंथरूण धरलं. शेजारच्यांनी फोनवर निरोप दिला, "म्हातारा जेवत नाही, सारखा सुमन सुमन करतो. एकदा आणा तिला."

भाऊजींनी त्याआधी थोडेच दिवस नवी छोटी मोटार घेतली होती. तुमच्या त्या देशात मोटारीचं कुणाला काही वाटत नसेल. आमच्याकडे त्या काळी इमारतीत मोटार आली की पेढे वाटायचे. भाऊजींनीही वाटले, पण लोक पेढा खाताना गाडीला कुठे हात लावतात ते बघत उभे राहिले. गाडीत एक कॅसेटचा टेप होता. पुढच्या दोन्ही दारांत खालच्या बाजूला मात्र कारखान्यातूनच एकेक गोल भोक होतं, वर जाळी, आत काही नाही. एवढं त्यांना पुरलं. विकणाऱ्याने मधल्यामध्ये स्पीकर काढून घेतले, असं त्यांच्या मनाने घेतलं. तो बिचारा परोपरीने सांगत होता, "साहेब, ज्याला बसवायचे असतील त्याच्यासाठी कंपनी जागा सोडते."

"मुंबईत?" भाऊजी म्हणाले. "मुंबईत फुकट जागा कोण सोडतं?"

अण्णांचा निरोप आला आणि त्या भोकांकडे ते वेगळ्या नजरेने बघू लागले. पूर्वी एका लग्नाहून परतताना सुमन घाटकोपरपासून घरापर्यंत टॅक्सीत बसून आली होती आणि तिला काहीही झालं नव्हतं. त्या टॅक्सीत तिच्या कानाशी गाणी चालू होती. झालं, भाऊजींचा सिद्धांत तयार झाला: हिच्या दारातून गाणं आलं तर हिला गाडी लागणार नाही. त्या टॅक्सीची काच उतरवलेली होती आणि समुद्रावर असावा तसा वारा आत येत होता, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

स्पीकर आणायला ते एकटेच गेले. भोकाचं माप दुकानदाराला सांगितलं तर तो गरज ओळखेल आणि पडून राहिलेला माल गळ्यात मारेल, हा हिशेब. म्हणून त्यांनी सुमनच्या स्वयंपाकघरातली सगळी झाकणं एकेक करून दाराला लावून पाहिली. पोह्यांच्या डब्याचं नेमकं बसलं. ते पिशवीत घालून बाजारात गेले आणि दुकानदाराची पाठ वळली की झाकण स्पीकरवर ठेवून बघायचे. पोहे मात्र तेवढ्यात सादळले.

शनिवारी घाटकोपरला फिटरकडे स्पीकर बसवायचे ठरले. "वहिनी, तुम्ही चला. साक्षीदार हवा," असं म्हणून मलाही नेलं. फिटर तोंडाळ आणि पानाने गाल फुगलेला. भाऊजी दारात इतकं डोकं घालून बसले, की त्याने एकदा पेचकस त्यांच्या चष्म्याला लावला. स्पीकर भोकात सुरेख बसला. जाळी लागली, गाणं वाजलं. भाऊजींनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग सवयीने काच उतरवून बघितली, तर ती निम्म्यावर येऊन ठक्क करून अडली.

"काका, मागचं लोहचुंबक जाड आहे," फिटर म्हणाला. "काच खाली येते ती त्यालाच बसते."

"मग आधी का नाही बोललास?"

"स्पीकर तुम्ही आणला, काका. मला काय स्वप्न पडलं?"

झाकणाने रुंदी मोजली होती. खोली मोजायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फिटरने तोड सांगितली. लाकडाची जाड रिंग कापून मध्ये घालायची, म्हणजे स्पीकर इंचभर बाहेर येईल. सुतार सोमवारी येणार. गाडी ठेवून जा.

"ठेवून?" भाऊजींचा आवाजच चिरकला. "गाडी?"

"खात नाय काका. शाकाहारी आहे मी."

पण भाऊजी कसले ऐकतात! घरी येईपर्यंत ते मला सांगत होते, की रिंग हा बहाणा आहे, हे लोक दोन रात्रींत इंजिन काढून आत काय भरतील याचा नेम नाही. शिवाय सोमवारपर्यंत थांबायला अण्णांकडे सोमवार आहे का? हे शेवटचं ते अगदी हळू बोलले.

रविवारी सकाळी निघालो. पुढे ते दोघं, मागे मी, साक्षीदार म्हणून. सुमनच्या मांडीवर लिंबू आणि आवळासुपारी, दारात गाणं, काच निम्मी. विक्रोळी येईपर्यंत तिने डोळे मिटले होते. कारखान्यांच्या भिंती संपून खारफुटीचा वास सुरू झाला तशी ती म्हणाली, "अहो, थांबवा."

रस्त्याकडेला बसून ती ओकली. मी तिची पाठ चोळत होते. तोंड धुऊन ती गाडीला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. "परत चला. माझ्याने नाही होणार. अण्णांना सांगा…"

"गाणं मोठं करू का?" भाऊजींनी विचारलं.

"गाणं नको हो मला! वारा द्या."

भाऊजींनी डिकीतून पेचकस काढला आणि हायवेच्या धुळीत गुडघे टेकून सुमनच्या दाराशी बसले. आदल्या दिवशी फिटरवर नजर ठेवताना एकही स्क्रू त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. जाळी निघाली, स्पीकर निघाला. सुट्या तारांवर गुंडाळायला काही नव्हतं, म्हणून मी पर्समधली जखमेची पट्टी दिली. ती त्यांनी आधी उलटसुलट करून तपासली. मग काच उतरवली. ती पार खाली गेली. एवढ्या खटाटोपाने आणलेला तो स्पीकर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, लक्ष ठेवा."

आता गाणं फक्त त्यांच्या बाजूच्या दारात राहिलं आणि सुमनच्या बाजूने भणाण वारा. खाडीचा पूल ओलांडताना ती ओरडून म्हणाली, "अहो, काय म्हणतेय ती? ऐकू येत नाही."

आयुष्यात कधी गुणगुणलेही नसतील ते भाऊजी, सरकारी नोटीस वाचावी तशा आवाजात सांगू लागले. "चांदणं पडलंय म्हणते."

"मग?"

"आणि तो अजून आलेला नाही."

"का नाही आला?"

"कारण दिलेलं नाही." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "मला त्याचं लक्षण पहिल्या कडव्यापासूनच ठीक वाटत नव्हतं."

सुमन हसली. पनवेल गेलं, पेण गेलं. प्रत्येक गाण्यात कोण कुणाला फसवतंय ते भाऊजी सांगत होते, ती नायिकेची बाजू घेऊन भांडत होती, आणि लिंबू पायाशी कुठेतरी घरंगळलं होतं.

अण्णा वाडीतल्या पडवीत खाटेवर होते. सुमन जाऊन उशाशी बसली, तेव्हा त्यांनी तिचा चेहरा चाचपून पाहिला आणि विचारलं, "गाडी नाही लागली?" तिने मान हलवून नाही म्हटलं. संध्याकाळी तिच्या हातचा मऊ भात त्यांनी खाल्ला. नंतर ते महिनाभर होते, आणि ती शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिली.

आता भाऊजी नाहीत, सुमनही नाही. ती गाडी कुणी नेली, मला माहीत नाही. पण तुम्हाला एक सांगून ठेवते. आमच्या सगळ्यांत सुमनचे कान तिखट. जिन्यात कुणाची पावलं आहेत हे ती बंद दारामागून ओळखायची. कार्लेखिंडीच्या चढावर गाडी गोगलगाईसारखी चालली होती, वारा पडला होता, आणि मागच्या सीटवर मला गाण्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी ती त्यांच्याकडे तोंड करून विचारत होती, "अहो, आता काय म्हणतेय ती?" आणि ज्यांनी फिटरपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत कुणाला सोडलं नाही, ते भाऊजी, जराही संशय न घेता, तिला एकेक ओळ सांगत होते.