कॅम्पिंग कारमधून ‘हवाई’ला

इथे जपानात, आमच्या ग्योतोकुत बाटल्या-बरण्या टाकायचा वार एकदा चुकला की त्या आठवडाभर ओट्याखाली साठून राहतात. आमच्या मंडळींचे किस्से असेच साठलेत. मुद्दाम जमवले नाहीत, टाकायचे राहून गेले इतकंच. कुणी चहाला आलं की एखादा निघतोच. आज नव्वदच्या दशकातली कॅम्पिंग कारची सहल घ्या.

मंडळी म्हणजे मी, माझा नवरा श्रीकांत, त्याचा पुण्याचा कॉलेजमित्र नंदू, नंदूची बायको केइको आणि त्यांची सहा वर्षांची मीरा. केइको मराठी शिकली ती पुण्यात, सासूबाईंच्या हाताखाली. त्यामुळे तिचं मराठी माझ्यापेक्षा कडक. तिच्या वडिलांना मात्र हे लग्न पसंत नव्हतं. लग्न झाल्यापासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, नातीचं तोंडही पाहिलं नव्हतं.

शेवटी केइकोच्या आईनंच फोनवर तोड काढली. “घरी आलात तर हे मागच्या दारानं निघून जातील. शनिवारी पाच वाजता ते गावातल्या हवाई बारमध्ये बसतात. तिथे या.”

केइको मला म्हणाली, “ताई, हा शेवटचा प्रयत्न. ते उठून गेले, तर मी परत विचारायला जाणार नाही.” ही बाई बोलते ते करते. म्हणून आम्हीही सोबत निघालो.

* * *

वाटेत शाकाहारी काही मिळणार नाही, या धास्तीनं श्रीकांतनं कॅम्पिंग कार भाड्यानं घेतली. आत शेगडी, बेसिन, झोपायला फळ्या. मी खूश.

पहिल्याच दुपारी समुद्राकाठी गाडी लावून मी आमटीला हिंगाची फोडणी दिली. दोन मिनिटांत दारावर टकटक. शेजारच्या गाडीतले आजोबा काळजीनं म्हणाले, “तुमचा गॅस गळतोय. मुलीला घेऊन आधी बाहेर या.”

केइकोनं वाकून वाकून माफी मागितली आणि त्यांना वाटीभर आमटी दिली. आजोबांनी ती चाखली, वाटी विसळून परत आणली आणि हळूच विचारलं, “हा गॅस कुठल्या दुकानात मिळतो?”

* * *

जपानात रस्त्यावर कचरापेटी शोधत बसू नये. आपला कचरा आपण घरी न्यायचा. केइकोनं गाडीत वेगवेगळ्या पिशव्या टांगल्या होत्या: जळणारा, न जळणारा, डबे, बाटल्या. श्रीकांतनं केळ्याची साल डब्यांच्या पिशवीत टाकली.

केइकोनं ती चिमटीत धरून बाहेर काढली आणि थेट सासूबाईंच्या सुरात म्हणाली, “भाऊजी, इंजिनियर झालात ना? मग डोळे उघडे ठेवून टाका.”

श्रीकांत उरलेली सगळी सहल केळं खायच्या आधी तिची परवानगी घेत होता!

* * *

आता आमच्या जातकुळीचा गोंधळ सांगते. आपण घरात चपला घालून जात नाही, जपानीही जात नाहीत. कॅम्पिंग कार म्हणजे घरच की. तेव्हा एका पार्किंगमध्ये सगळ्यांनी पायरीखाली बूट काढले, आत चहा घेतला, आणि श्रीकांतनं गाडी सुरू केली. पुढच्या गावात उतरायला दार उघडलं, तर पायरीखाली नुसता रस्ता.

मोज्यांवर गाडी चालवत परत गेलो. तोवर पाऊस भुरभुरायला लागला होता. आमचे पाचही जोड तिथेच होते, एका रांगेत, तोंडं बाहेर करून ठेवलेले. वर प्लास्टिक पांघरलेलं आणि उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड. आजूबाजूला चिटपाखरू नाही. केइकोनं त्या रिकाम्या पार्किंगला वाकून नमस्कार केला. मग आम्हीही केला.

* * *

नंदूची वेगळीच तयारी चालली होती. सासऱ्यांसमोर किती वाकायचं? कमी वाकलो तर उद्धट, जास्त वाकलो तर नाटकी. चालत्या गाडीत उभा राहून त्याची प्रॅक्टिस. एका वळणावर त्याचं डोकं कपाटावर आपटलं, दार उघडलं आणि पोह्यांचा डबा त्याच्या मानेवर रिकामा झाला.

मीरा चित्र काढत होती. मान वर न करता ती जपानीत म्हणाली, “बाबा, एवढं नको. आजोबा घाबरतील.”

आम्ही हसलो. नंदू हसला नाही. केसांतले पोहे वेचत मला म्हणाला, “वहिनी, त्यांनी मला नाही स्वीकारलं तरी चालेल. पण हिला आजोबा पाहिजेत.”

* * *

हवाई बार म्हणजे सगळाच जुना थाट. बांबूच्या भिंती, लाकडी मुखवटे, फुगलेल्या माशाच्या कातड्याचे दिवे. बारच्या मालकाला तिथे मास्टर म्हणतात; तो सत्तरीचा, फुलाफुलांच्या शर्टातला. त्याच्यामागे फळीवर गिऱ्हाइकांच्या बाटल्या. तिथली पद्धत अशी की आपली बाटली बारमध्येच ठेवायची, तिच्या गळ्यात आपल्या नावाची पट्टी.

केइकोचे वडील काउंटरवर पाठ करून बसले होते. वळले नाहीत. मीरा सरळ गेली आणि शेजारच्या उंच स्टुलावर चढून बसली. नंदू वाकला. किती, ते मी पाहिलं नाही, माझं लक्ष केइकोच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे होतं.

मान न वळवताच ते नंदूला म्हणाले, “काय घेणार?”

आणि नंदू दारूला शिवत नाही! सासरा पहिल्यांदा पाजतोय, नाही कसं म्हणायचं? मी मनात म्हटलं, घे बाबा, एक घोट घे. पण नंदू म्हणाला, “माफ करा, मी पीत नाही. तुमच्याशी पहिल्याच दिवशी खोटं नको.”

तेव्हा केइकोनं पिशवीतून कोकमाच्या आगळाची बाटली काढली. तिच्या सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेली, खास व्याह्यांसाठी. मास्टरनं ते मुखवट्याच्या आकाराच्या मगांत ओतलं, बर्फ-सोडा घातला आणि सवयीनं वर कागदी छत्री खोचली.

वडिलांनी घोट घेतला. डोळे मिटले, तोंड आंबट झालं. “उमेबोशी,” ते पुटपुटले. म्हणजे त्यांचं रोजच्या भातावरचं खारवलेलं आंबट फळ. तरी त्यांनी मग रिकामा केला. अजून एक मागितला. तोही संपवला. आणि उठले.

केइकोनं माझा हात घट्ट धरला.

त्यांनी मास्टरकडून कोरी पट्टी घेतली. मीराकडे वाकून विचारलं, “तुझ्या बाबांचं नाव कसं लिहितात?” तिनं काउंटरवर बोटानं गिरवून दाखवलं. त्यांनी ते सावकाश लिहिलं, पट्टी कोकमाच्या गळ्यात बांधली आणि बाटली मास्टरच्या हातात दिली. मास्टरनं ती फळीवर त्यांच्या व्हिस्कीला खेटून ठेवली.

दाराशी पोचल्यावर ते थांबले. आमच्याकडे न बघता म्हणाले, “बाटली तीन महिनेच ठेवतात. तेवढ्यात कुणी आलं नाही, तर मास्टर ओतून टाकतो.”