दोन रंगांचं ऊन

मला विणायला शिकवलं ते दीदीने. ती माझ्या आईला सांभाळायला यायची. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. दीदी हल्ली आमच्याच सोसायटीत, समोरच्या टॉवरमधल्या एका आजींकडे असते. थंडीत अकरा वाजले की त्यांची व्हीलचेअर खाली बागेत आणते, उन्हात लावते आणि बाजूच्या बाकावर सुया काढून बसते. नोएडात जानेवारीचं ऊन फार टिकत नाही. टॉवरची सावली सरकते, तशी दीदी खुर्ची सरकवते.

एका रविवारी मी लोकरीचे दोन गुंडे घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. एक मरून, एक पांढरा. तिने ते लगेच ओळखले.

"ये तो वही हैं," ती म्हणाली. "हमारी गलती वाले."

"सिखा दोगी?"

बाकावरच्या बायका हसल्या. "भाई साहब, पहले बटन टाँकना तो सीख लो," एकीने हाणलंच.

"गलती" म्हणजे काय, ते सांगतो. वडील गेल्यावर मी आईला पुण्याहून इकडे आणलं. हिंदी तिला जेमतेम यायची, आणि अर्धांगवायूनंतर तर मराठीही मोजकीच उरली. त्यातला एक शब्द ऊन. आमचा फ्लॅट उत्तरेकडचा, थंडीभर तिथे ऊन येत नाही. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. आईने ऊन मागितलं, दीदीने दुकानातून लोकर आणून दिली. हा किस्सा मी ऑफिसात सांगितला, ताईला फोनवर सांगितला. सगळे हसले. दीदी मात्र अजून ओशाळते.

तर, मरून-पांढऱ्या चौकटींची कानटोपी विणायची ठरली. साध्या टाक्यांवर बोटं बसायला तीन रविवार गेले. मग दोन रंग आले आणि सगळंच बिघडलं. एका रंगाने विणताना दुसरा मागून मोकळा न्यायचा असतो. मी तो ओढून धरायचो. पुढून कापड चुरगळायचं, चौकटी एकमेकींवर चढायच्या. गुंडे तर इतके गुंतायचे की विणण्यापेक्षा सोडवण्यातच वेळ जायचा.

"एक गोला दाएँ, एक बाएँ," दीदी म्हणायची. "मरून हमेशा नीचे से, सफ़ेद हमेशा ऊपर से. बीच में बदलिएगा नहीं, नहीं तो डिज़ाइन दब जाएगा. और रंग बदलने से पहले फंदे फैला लीजिए. पीछे का धागा कसेंगे तो आगे सब दिखेगा."

मी ते फंदे, म्हणजे टाके, उसवायचो, पुन्हा घालायचो. घरी कुणी बोलायला नव्हतं, त्यामुळे उसवणं चालायचं. आठवडाभरात कुणी मला नावाने हाक मारत नाही, ऑफिसात आडनाव आणि घरी काहीच नाही. रविवारी दीदी म्हणायची, "साहब, सरकिए, धूप उधर गई," आणि मी माझे गुंडे उचलून तिच्या मागे सरकायचो. तेवढ्या एका वाक्यासाठी मी आठवडा काढत होतो, हे आज लिहायला हरकत नाही.

टोपी पूर्ण झाली तेव्हा दीदीने ती आधी उलटी करून पाहिली. मागचे धागे सैल, सरळ. तिने मान हलवली आणि टोपी आजींच्या डोक्यावर ठेवून बघितली.

"माताजी होतीं तो यही पहनतीं," ती म्हणाली. "हमको माफ़ भी कर देतीं."

दीदीने लोकर आणली त्या दिवशीचा फोन मला अक्षरन् अक्षर आठवतो. दीदी म्हणाली होती, "साहब, माताजी सुबह से ऊन माँग रही हैं. ला दूँ?" मी मीटिंगच्या दाराशी उभा होतो. आईने उभ्या आयुष्यात सुई हातात धरली नव्हती. ती काय मागतेय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. व्हीलचेअर दारामागे घडी करून ठेवलेली होती. तिला एकटीने खाली न्यायचं नाही, अशी ताकीद मीच दीदीला दिली होती. पडेल म्हणून, असं सांगितलं होतं. खरं म्हणजे आईच्या तोंडातून लाळ गळायची आणि लिफ्टमधल्या लोकांची मला लाज वाटायची. म्हणून मी म्हणालो, "हाँ, ले आओ. दो रंग ले आना."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा दोन्ही गुंडे आईच्या मांडीवर होते. एरवी तिला चार शब्द जुळवायला वेळ लागायचा. त्या दिवशी बहुधा दुपारभर जुळवले असावेत.

"आणलंस होय," ती म्हणाली. "दोन रंगांचं ऊन. पुण्यात एकच मिळायचं."

त्यानंतर तिने ऊन मागितलं नाही. त्याच फेब्रुवारीत ती गेली.

हे सगळं मी बागेत दीदीला हिंदीत सांगितलं, लाळेपर्यंत. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. तिने सुया थांबवल्या.

"मतलब आपको पता था."

"हाँ."

"दो साल से हम अपने को कोस रहे हैं, साहब."

मी गुंड्याचं सुटलेलं टोक गुंडाळत राहिलो.

"आप मना न करते तो हम रोज़ ले आते. लिफ़्ट तो थी ही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने आजींच्या डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी घातली आणि माझ्या बाजूला बाकावर ठेवली.

सावली तोवर आमच्या पायांशी आली होती. दीदीने पिशवी खांद्याला लावली, खुर्चीचा ब्रेक सोडला आणि आजींना पलीकडच्या उन्हात नेलं. मी दोन्ही गुंड्यांवर हात ठेवून तयार बसलो होतो. मला सरकायला तिने सांगितलं नाही.