दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

शेजारच्या खोलीत माझा मुलगा झोपला आहे आणि मी दर अर्ध्या तासाने दाराशी जाऊन त्याचा श्वास ऐकते आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या बाप्याचा! तो तान्हा असताना हेच करायचे तेव्हा लोक कौतुकाने हसायचे. आता कोणी पाहिलं तर म्हातारीला भ्रम झाला म्हणतील. पण या घरात, या पलंगावर त्याला काही होईल याची मला तितकीशी भीती नाही. परवा तो परदेशात भाड्याच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसेल, मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची नात असेल, आणि तेव्हा काही होईल, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

तो गाडी चालवायला शिकवतो. चोवीस वर्षं झाली. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्या दुसऱ्या ब्रेकवर त्याचा पाय कायम तयार. शिकणारा चुकला की तो ब्रेक असा दाबायचा की शेजारच्याचे दात वाजावेत. हातात लाकडी पट्टी. गिअर चुकला की बोटांवर. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्याने गल्लीतून चाळीस वेळा गाडी मागे घ्यायला लावली आणि वर म्हणाला, "कळलं ना गुरुजी, तुमच्या वर्गात पोरांना काय वाटत असेल ते?" ते गृहस्थ रडले म्हणे. शिकाऊ लोक त्याला पाठीमागे 'कर्दनकाळ' म्हणतात. त्याला ते ठाऊक आहे आणि आवडतंही. तरी लोक त्याच्याकडेच येतात, कारण त्याच्या हाताखालून गेलेला माणूस सहसा गाडी ठोकत नाही.

त्याची एक परीक्षा गावभर प्रसिद्ध आहे. भर रस्त्यात, गाडी वेगात असताना तो एकदम मान टाकतो आणि म्हणतो, "मी मेलो. आता काय करशील?" शिकणाऱ्याने घाबरायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. आरसा, इंडिकेटर, गाडी कडेला, हँडब्रेक. मग मेलेले मास्तर उठतात आणि चुका सांगतात.

ही जीभ त्याला माझ्याकडून मिळाली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, पदवी घेतली, आणि माझा मुलगा बारावीला दोनदा बसून दोनदा आपटला. दुसऱ्या वेळचं गुणपत्रक मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. वर्षभर ते तिथेच होतं. त्याच्या ताटासमोर.

सून चार वर्षांपूर्वी घर सोडून गेली. जाताना मला म्हणाली, "आई, याच्या शेजारी बसून जगता येत नाही. सारखा ब्रेकवर पाय." मी तिला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. ती परदेशात नोकरीला गेली, लेकीला घेऊन. ठरलं असं की वर्षातून आठ दिवस मुलगी बापाची.

ते आठ दिवस त्याला अजून एकदाही मिळालेले नाहीत. पहिल्या वर्षी कागद झाले नाहीत, दुसऱ्या वर्षी सुट्टी जुळली नाही, आणि मग हृदयविकाराचा झटका आला. रुग्णवाहिकेत अर्धमेला पडलेला असताना तो चालकाला सांगत होता, "दुसरा गिअर टाक रे गाढवा, गाडी रडतेय." दोन स्टेंट बसवले. हृदय कमजोर झालं ते झालंच. डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं, "चक्कर आली, शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. शिकवायचीसुद्धा नाही."

यंदा सुनेने अट घातली. विम्याचा कागद आधी पाठवायचा, त्यात हृदयाचा आजार लिहून मंजूर झालेला हवा, तरच मुलगी त्याच्या गाडीत बसेल. तिची अट रास्त होती. मी तेव्हाही तिला आगाऊच म्हटलं.

नऊ दिवसांपूर्वी विमा कंपनीतल्या मुलीचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला, कारण गोळ्यांची नावं मी वाचून दाखवायची होती. मी एकेक पाकीट डोळ्यांजवळ धरून वाचत होते, ती पलीकडे टाइप करत होती. झटका कधी आला, स्टेंट किती, सगळं त्याने खरं सांगितलं. मला बरं वाटलं. मग तिने विचारलं, "गेल्या वर्षभरात चक्कर, बेशुद्धी, असं काही?"

तो म्हणाला, "मॅडम, मी गाडी शिकवतो. चक्कर रोज येते, पण ती विद्यार्थ्यांमुळे."

मुलगी खळखळून हसली. "म्हणजे नाही लिहू?"

"नाहीच लिहा."

मीही हसले. मग पुढच्या गोळीचं नाव वाचलं.

दोन दिवसांत कागद आला आणि सुनेकडे गेला. तिचं उत्तर आलं, ठीक आहे.

आज दुपारी आमची शिंपीण पडदे घेऊन आली. मुलाकडेच गाडी शिकली, काल लायसन्स मिळालं, म्हणून खुशीत होती. चहा घेताना म्हणाली, "काकू, तुमच्या मास्तरांना जरा सांगा हं. परीक्षा घ्यावी, पण माणसाचा जीव घेऊ नये."

"काय केलं आता?"

"झाले बारा दिवस. सरळ रस्ता होता. हे गप्प. म्हटलं वा, आज शिव्या नाहीत! बघते तर मान खाली. म्हटलं, मेले वाटतं मास्तर, झाली परीक्षा सुरू. आरसा बघितला, इंडिकेटर दिला, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. म्हटलं, उठा मास्तर, लावली गाडी. उठेनात! मी आपली हसतेय बाजूला बसून. चांगलं मिनिटभर, काकू. ओठ असे निळे केले होते, ते कसे करतात हो? नाटकात जायला हवे होते. मग डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? 'आरसा नीट बघितला नाहीस.'"

ती हसली आणि बशीत कप ठेवला. "घाम केवढा! आणि बाटलीतलं पाणी सगळं पँटवर सांडलेलं. मलाच ओरडले, तू ब्रेक जोरात दाबलास म्हणून."

बारा दिवसांपूर्वी माझ्या मुलाने स्वतःची पँट स्वतः धुतली होती. स्वतःचा कप जो कधी विसळत नाही, त्याने. मी तेव्हा म्हटलंही होतं, "आज सूर्य कुठे उगवला?" नुसतं पाणी सांडलेली पँट कोणी धुवत नाही.

संध्याकाळी तो बॅग भरत असताना मी विचारलं, "त्या दिवशी परीक्षाच होती ना?"

त्याने मान वर केली नाही. "शिंपीण बडबडली वाटतं."

"डॉक्टरांकडे गेलास?"

"आल्यावर जातो."

"अरे, मग गाडी नको घेऊस. तिकडे ट्रेन असतात, टॅक्सी असतात. पोरीला घेऊन ट्रेनने फिर."

"आई, तिचा तो नवा बाप तिला गाडीतून फिरवतो. आणि मी, गावाला गाडी शिकवणारा, तिला तिकिटाच्या रांगेत उभी करू?"

"ती मागे बसलेली असेल रे."

"माहीत आहे मला ती कुठे बसेल!" त्याने शर्टाची घडी बॅगेत आपटली. मग अगदी हळू बोलला, त्याचं हळू बोलणं मला जास्त लागतं. "पुन्हा काही मिळालं ना भिंतीवर चिकटवायला? चिकटव. त्या वेळी गल्लीला दाखवलंस, आता तिला दाखव. पण मग माझे आठ दिवस गेले, आणि ड्रायव्हिंग स्कूलचा परवानाही गेला. आणि मला आई नाही, असं समजेन मी."

"मी कोणाला काही बोलले का?"

"तू न बोलता राहिलीस असं एकदा तरी झालंय?"

जेवला आणि झोपला. विमान सकाळी सातला.

मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. विमा कंपनी दहाला उघडते. उघडली असती तरी ते कागद रद्द करतील, त्याला थोडेच अडवणार आहेत? तो बिनकागदाचा जाईल आणि तिकडे कोणाला कळणारही नाही. डॉक्टर म्हणतील, घेऊन या. कसा आणू? पासपोर्ट लपवावा असंही मनात आलं. तो बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे, मी हात लावूनही आले. पण त्याने घर डोक्यावर घेतलं तर त्या संतापानेच त्याला काही व्हायचं.

कदाचित काहीच होणार नाही. आठ दिवस फिरून, पोरीचे फोटो घेऊन, मला दोन टोमणे मारत तो परत येईल. असं होण्याचीच शक्यता जास्त, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी तो वाचला, कारण स्टिअरिंग शिंपिणीच्या हातात होतं आणि तिला मेलेल्या मास्तरांच्या शेजारी गाडी कशी लावायची हे त्यानेच पट्टी मारून शिकवलं होतं. नातीला कोणी शिकवलेलं नाही. आणि त्या गाडीत दुसरा ब्रेक नाही.

पोरीला त्या गाडीत बसण्यापासून अडवू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि तिच्याशी मी चार वर्षांत एक शब्द बोललेले नाही. तिचा नंबर वहीत आहे. रागाने त्यावर रेघ मारली होती, पण आकडे वाचता येतात.

आता आत जाऊन पुन्हा श्वास ऐकून आले. चालू आहे. तोंड उघडं, एक हात छातीवर, लहानपणी झोपायचा तसाच. त्याला उठवून आधी सांगावं का? सांगितलं तर तो माझ्या हातातून फोन काढून घेईल आणि मी तो देईन, हे मला माझं ठाऊक आहे.

तिकडे आत्ता संध्याकाळ असेल. फोन बहुधा नातच उचलेल आणि विचारेल, बाबा निघाले का? तिला फक्त "आईला दे" म्हणायचं, दुसरं काही नाही. सून म्हणेल, शेवटी तुम्हालाच सांगावं लागलं ना? म्हणू दे. तिला शिंपिणीपासून सुरुवात करून सगळं सांगायचं, पँटसुद्धा.

स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आहे. फोन करते.