शीड वर आलं, कप्तान नाही

चौकीवाल्या काकांना बेटावर कोणी प्रेमळ म्हटल्याचं ऐकिवात नाही. धक्क्याजवळच्या दोन खोल्यांच्या चौकीत बसून बावीस वर्षं त्यांनी एकच नियम राखला: बाहेरच्या बोटीने आधी मोठ्या बंदरात जाऊन प्रवेशाचा शिक्का घ्यायचा, मगच इकडे यायचं. शिक्क्याशिवाय माणसाचा पाय इथल्या जमिनीला लागता कामा नये. एकदा तापाने फणफणलेल्या एका खलाशाला त्यांनी तासभर बाकावर निजवलं, तर वरून लेखी ताकीद आली. पुन्हा असं झालं तर घरी बसा. देव दया करायला सांगतो, पण साहेब नाही. तेव्हापासून काकांनी उरलीसुरली माया बासनात गुंडाळून ठेवली.

त्या सकाळी एक बोट फाटक्या शिडानिशी खाडीत शिरली. बोटीवर नवरा-बायको दोघंच. नवरा, म्हणजे कप्तान, छोटी होडी वल्हवत धक्क्याशी आला. पायरीवर पाय ठेवणार तोच काका आडवे झाले.

"पाय आत. बोलायचं ते होडीतून बोला."

कप्तानाचं म्हणणं, इंजिन बंद, मोठं बंदर दिवसभराच्या वाटेवर, शिडाशिवाय जायचं कसं? आणि शीड शिवायला कोरडी, सपाट जागा तर हवी. नियम मी केलेला नाही, हे काकांचं ठरलेलं उत्तर. कप्तान त्यांना शिक्क्याचं भूत म्हणाला.

"भूत म्हणा, समंध म्हणा. पाय आत."

काकू पूजा आटोपून चौकीच्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या. पडवीत त्यांचं पायमशीन होतं, बेटावरचे पडदे आणि गणवेश त्याच शिवत. ही दोन कोंबड्यांची झुंज थोडा वेळ बघून त्या काकांना म्हणाल्या, "ओरडू नका. नियमात काय लिहिलंय ते वाचा."

काकांनी फाइल आणून वाचलं. माणसं, जनावरं, बियाणं, कच्चं अन्न. कापडाचं नाव नव्हतं. त्यांनी पुन्हा वाचलं आणि औषध गिळल्यासारखं तोंड केलं.

"शीड येईल. तुम्ही नाही."

शीड पडवीभर पसरलं. जाड कापडाने मशीनच्या दोन सुया मोडल्या, तेव्हा काकू दाभण घेऊन हाताने शिवायला बसल्या. मनातल्या मनात नामस्मरण चालू होतं, पण कप्तान उन्हात होडीतून ओरडायचा आणि नाम तुटायचं. टाके तिरके घाला, असं त्याने चौथ्यांदा बजावलं.

"आधी स्वतःच्या तोंडाला घाल म्हणावं," काकू म्हणाल्या. काकांनी निरोप शब्दशः पोचवला.

दुपार टळता टळता शीड झालं. कप्तानाने ते ओढून घेतलं, आभार मानले नाहीत, तक्रारवही मागितली. काकांनी पायरीवरूनच वही पुढे केली. त्याने दीड पान भरलं: आजारी कुत्र्यासारखं वागवलं, पाच तास होडीत बसवलं, एक पाऊल ठेवू दिलं नाही.

काकांनी शांतपणे वाचलं. "तारीख राहिली."

कप्तानाने चरफडत तारीख टाकली. काकांनी 'मिळाली' असा शिक्का मारला. बोट खाडीबाहेर पडली, दोन्हीकडून कोणी हात हलवला नाही.

"पाऊल ठेवू दिलं नाही, असं त्याच्याच हातचं," काका वही मिटत म्हणाले. "आता नोकरीला काय होतंय?"

काकूंची बोटं सुजली होती. "मोडल्या तेवढ्या नव्या सुया मोठ्या बंदराच्या लाँचवाल्याकडून मागवा," त्या म्हणाल्या, "आणि आज जेवण स्वतः वाढून घ्या."