किराईताचा काढा

राखोलीच्या कारखान्यात वनस्पतींचा अर्क काढतात. तिथल्या तरुण केमिस्टने माझी किराईताच्या कडू पाल्याची तीन पोती परत पाठवली. म्हणे, उन्हात वाळवल्याने सत्त्व उतरलंय. खानवेलच्या रानातून पाला आणून हा धंदा मी शून्यातून उभा केला आणि मला सत्त्व शिकवतो कोण, तर कालचा पोरगा. ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

पूर्वी त्यानेच चहा पिताना सांगितलं होतं, अशा वनस्पतींतली काही द्रव्यं प्रयोगशाळेत फ्लूच्या विषाणूला वाढू देत नाहीत. पुढेमागे कदाचित औषध निघेल. त्यातलं ‘कदाचित’ गाळून मी ते सिल्वासाभर सांगत सुटलो.

मग बायकोला फ्लू झाला. चौथ्या दिवशी सकाळी जिना चढताना तिला मध्येच बसावं लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच दाखल करा म्हणाले. समोरच्याच्या पहिल्या शब्दाला हो म्हणायचं नाही, ही माझी जन्माची सवय. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत बघतो.

“यात घासाघीस होत नाही,” ते म्हणाले.

तरी तिला घरी आणलं. परत आलेल्या पोत्यातलाच पाला दुप्पट घालून काढा उकळला. ती मुकाट्याने प्यायली, ओकली, तर पुन्हा दिला. दुपारी तिला एक वाक्य सलग बोलता येईना. काढ्यात दम नसेल, असंच तेव्हाही वाटलं. म्हणून त्या केमिस्टलाच फोन लावला आणि कारखान्यातली शुद्ध पावडर मागितली. आवाज चढवूनच मागितली.

तो शांतपणे म्हणाला, “काका, ते औषध नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर चालतं, एवढंच माहीत आहे. माणसाला किती द्यायचं, ते कुणालाच ठाऊक नाही. काकूंचे ओठ कसे दिसतायत?”

मी पाहिलं. जांभळट होते.

“मग माझ्याशी बोलू नका. गाडी काढा.”

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, घरी काय दिलंत? मी म्हटलं, थोडासा काढा, एकदाच. पलंगावरून बायकोने हात उचलला आणि चार बोटं दाखवली. डॉक्टर माझ्याकडे न बघता लिहीत राहिले. सकाळीच दाखल केली असती तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाले.

पुढचे दोन दिवस मी खाटेशेजारच्या यंत्रावरचा आकडा बघत बसलो. तो उतरला की उठून दाराकडे धावायचो. परिचारिकेला इतक्या वेळा हाक मारली, की तिने मला बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी बायकोचा मास्क थोडा वेळ काढला. तिने दम घेतला, माझ्याकडे पाहिलं.

“परत आलेला माल खपवायला,” ती थांबत थांबत म्हणाली, “मीच सापडले का तुम्हाला?”

तिला पुन्हा धाप लागेल म्हणून मी मास्क सरळ केला.