नववी ‘ब’चा शांत कोपरा

शाळेतले किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या जळगाव जामोदच्या शाळेत तर नववी ‘ब’ एकटीच सगळ्या स्टाफरूमला पुरून उरते! मी तिची वर्गशिक्षिका, त्यामुळे निम्मे किस्से माझ्याच वाट्याला येतात.

*

भावनिक बुद्धिमत्तेचं ट्रेनिंग करून आले, तेव्हा मी भलत्याच उत्साहात होते. त्याच दिवशी वर्गातल्या पायलनं रागाच्या भरात बाक उलटा केला. ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे मी अगदी मऊ आवाजात विचारलं, “बाळा, आता तुला कसं वाटतंय?”

“लय हलकं वाटून राह्यलं मॅडम!”

*

मग मी वर्गात मागं सतरंजी टाकून ‘शांत कोपरा’ केला. राग आला की हात उचलायचा नाही, तिथं जाऊन बसायचं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला अर्धा वर्ग सतरंजीवर! गणिताचे सर तणतणत माझ्याकडे आले. “मॅडम, बीजगणित काढलं का या पोट्ट्यांले रागच येते!”

*

पायल मात्र त्या कोपऱ्याकडे कधी फिरकली नाही. “तिथं जाईस्तोवर हात उचलला जाते मॅडम. मी काय करू?” ती खरंच विचारत होती. मला फार वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तिनं वर्गातल्याच विशालच्या कपाळावर डबा हाणला. हेडसर म्हणाले, “बस झालं! वडिलांना बोलवा आणि दाखला हातात द्या.” दाखला मिळाला की या पोरीची शाळा कायमची सुटणार, हे मला दिसत होतं.

विशालला विचारलं, तर तो टेंगूळ चोळत म्हणाला, “दुखून तर राह्यलं मॅडम. पण तिले काढू नका. कबड्डीत आपल्याकडून कोण खेळन?”

*

वडील आले. हेडसर त्यांना थेट वर्गातच घेऊन आले. कुणी काही बोलायच्या आत वडिलांनी सगळ्यांदेखत पायलवर हात उगारला. “काऊन वं, घरचा मार कमी पडते काय तुले?”

पायलनं डोळे गच्च मिटले.

विशाल उठला. “काका, राग आला का आमच्या वर्गात तिथं बसतात.”

वडिलांनी सतरंजीकडे पाहिलं, मग पोरांकडे. हात खाली आला. चपला काढून ते कोपऱ्यात जाऊन बसले, मान खाली घालून. थोड्या वेळानं पायल गेली आणि त्यांच्या शेजारी बसली.

हेडसर खाकरले. “हं, तर दाखल्याचं...”

“थांबा ना सर,” विशाल हळूच म्हणाला, “पायल आज पयल्यांदाच बसली तिथं!”