सोनवणे सर आणि कधीच न अडणारं सॉफ्टवेअर

किस्से काही जमवावे लागत नाहीत हो. द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत तीन माणसं वर्षानुवर्षं सॉफ्टवेअर लिहीत बसली की ते आपोआप साठतात. पंचाईत होते ती ऐकवायला खोलीत कोणी उरलं नाही की. म्हणून आज तुम्हाला पकडलंय, बसा.

*

आमचे हेड सोनवणे सर. ग्राहकाचं सगळं बदलणार असं धरूनच लिहायचं, हा त्यांचा हट्ट. पंचवटीतल्या एका भाजी व्यापाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, "आमच्याकडे सगळं किलोवर. त्यात बदल नाही." आमच्यातला तिसरा, नीलेश, लगेच कोडमध्ये किलो पक्कं करायला बसला. सर म्हणाले, जरा थांब. व्यापारी जिना उतरायला लागला आणि अर्ध्यातून परत वर आला.

"मेथी तेवढी जुडीवर जाते बरं का!"

*

नीलेशने लग्नाची पत्रिका दिली, तर सरांनी ती उलटसुलट करून बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "तारीख छापूनच टाकलीस? बदलली तर?"

नवरदेवाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

*

सरांचा दुसरा नियम, प्रोग्रॅमचा प्रत्येक भाग सुटा ठेवायचा. एक काढला तरी बाकीच्यांचं अडता कामा नये. नीलेश पुण्याला नोकरीला गेला तेव्हा मी धास्तावले होते, पण एकाही ग्राहकाचं काम थांबलं नाही. सरांनी चक्क पेढे आणले! मी मूर्खासारखं नीलेशला फोनवर हे सांगितलं.

"काहीच नाही अडलं?" एवढंच म्हणाला. लागलं त्याला.

*

मग सरच रिटायर झाले आणि मनमाडला आपल्या घरी गेले. मुलगा परदेशात, घरात दुसरं कोणी नाही. दर सोमवारी सकाळी फोन यायचा, काही अडलंय का म्हणून. मी म्हणायचे, नाही सर, सगळं व्यवस्थित चालू आहे. "वा, वा," म्हणायचे आणि फोन काही ठेवायचे नाहीत.

इकडे त्या तीन खुर्च्यांच्या खोलीत मी एकटी. खरं सांगते, फार एकटं वाटायचं. त्यांनाही वाटत असणार, पण ते बोलायचं कसं? या माणसाने काम इतकं चोख करून ठेवलेलं की त्यालाच बोलवायला निमित्त सापडेना. रागच यायचा मला.

शेवटी एका सोमवारी मी आमच्या टेस्टिंगच्या कॉपीत सेटिंग उलटीपालटी करून ठेवली आणि त्यांना म्हटलं, सर, बिलच छापलं जात नाहीये, मला तर काही कळेना.

दुपारच्या आत हजर! इस्त्रीचा शर्ट, पिशवीत चिवडा. बसल्या बसल्या बिल छापून दाखवलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिशवीतला चिवडा बाहेर काढला. मग चहा झाला, जेवण झालं, नीलेशला फोन लावून त्याची यथेच्छ खेचून झाली. संध्याकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा चपला घालता घालता म्हणाले,

"वैशाली, हे पुढच्या सोमवारीही बिघडणार असेल तर आत्ताच सांग. महिन्याचा पासच काढून टाकतो."